प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरवायची आहे? आम्ही कशी भरवली ते सांगतो

"नक्कल कशी पकडणार?" स्पर्धा भरवतोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न हाच. सगळं पार पडल्यावर आता सांगतो, सगळ्यात कमी वेळ आमचा नक्कल शोधण्यात गेला. स्पर्धेत खरा अन्याय बहुतेकदा भरवणाऱ्यांकडूनच होतो आणि तो त्यांच्या लक्षातही येत नाही. टेस्ट (प्रोग्रॅम तपासायला त्याला दिले जाणारे इनपुट) कच्च्या राहतात, वेळेची मर्यादा एकाच भाषेच्या सोयीची पडते, यजमान कॉलेजच्या मुलांना मशीन हाताखालची असते. हे मराठीत कुठे सलग लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून आमचा अनुभव क्रमाने मांडतोय.

कोल्हापुरात आमचा प्रोग्रॅमिंगचा एक गट आहे. रविवारी सकाळी जमायचं, दोन-तीन प्रश्न सोडवायचे, वाद घालायचा, चहा प्यायचा. नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत, बँकेत खातं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ठरलं की जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या मुलांसाठी एक खुली स्पर्धा घ्यायची. इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लज, निपाणीकडची मुलं पुण्या-मुंबईच्या स्पर्धांना जाऊ शकत नाहीत, नुसत्या भाड्यातच खिसा रिकामा होतो.

ऑनलाइन घेतली असती तर निम्मं काम वाचलं असतं. कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर खासगी स्पर्धा फुकटात उभी करता येते. पण तिथले संस्थापक माइक मिर्झायानोव यांनीच सप्टेंबर २०२४ मध्ये स्पर्धेतल्या एआयच्या वापरावर निर्बंध घालणारा नियम जाहीर केला. एवढ्या मोठ्या ठिकाणी नियम करावा लागतो आणि तो पाळण्याची भिस्त बरीचशी स्पर्धकावरच राहते, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? घरी बसलेल्याच्या दुसऱ्या स्क्रीनवर काय उघडलंय ते कुणालाच दिसत नाही. म्हणून ठरलं: एक लॅब, इंटरनेट बंद, एकेकट्याने सोडवायचं, तीन तास, सहा प्रश्न. गुणपद्धत आयसीपीसीची, म्हणजे कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेची. जास्त प्रश्न सुटले तो वर, बरोबरी झाली तर कमी वेळ लागला तो वर, आणि नंतर सुटलेल्या प्रश्नावर आधी केलेल्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाचा २० मिनिटं दंड.

मग लॅबची परवानगी. २ सप्टेंबरला एका कॉलेजात अर्ज दिला. गणपतीचे दिवस, त्यामुळे आवक क्रमांक पडायलाच आठवडा गेला. अर्ज प्राचार्यांकडून विभागप्रमुखांकडे, तिथून लॅब-प्रभारींकडे, आणि तिथून शेरा मारून परत: "संस्थेचे लेटरहेड जोडावे." आमच्याकडे संस्थाच नव्हती. तोडगा कॉलेजातल्याच एका प्राध्यापकांनी सुचवला. विभागाच्या विद्यार्थी मंडळाने आयोजक व्हायचं, आम्ही तांत्रिक सहकार्य करायचं. नवा अर्ज, नवा आवक क्रमांक. सोबत नुकसान झाल्यास भरून देऊ असं हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, अनामत ३,००० रुपये. परवानगीचं पत्र हातात पडलं तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. तारीख मिळाली रविवार, १४ डिसेंबर. प्रात्यक्षिकं आणि लेखी परीक्षा यांच्या मधली फट होती ती.

तुमचाही गट असा बिननोंदणीचा असेल तर आधी कॉलेजात एक माणूस शोधा, मग अर्ज लिहा. आणि अर्जात "हॅकेथॉन" शब्द घालू नका. रात्रभर मुलं थांबणार असं समजून फाइल सुरक्षा विभागाकडे जाते.

प्रश्न कोण काढणार यावर आमच्यात पहिली खडाजंगी झाली. गटातले एक सर खासगी क्लास घेतात. त्यांचे दोन प्रश्न तयार होते आणि खरंच छान होते. पण त्यांचे विद्यार्थीही स्पर्धेला बसणार होते.

"मी काय पोरांना प्रश्न सांगणार आहे काय?" सर जरा तापलेच.

"नाही सांगणार, सर. पण गेल्या महिन्यात क्लासमध्ये काय शिकवलंत?"

सर थांबले. मग हसले. "स्टॅक. चार तास घेतलाय."

त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर स्टॅकच होतं, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी काढायचं अशी डेटाची रास. मुद्दाम काही करावं लागत नाही, जो विषय डोक्यात घोळतोय तोच वर्गात निघतो. सरांनी स्वतःहून प्रश्न मागे घेतले आणि नोंदणी, बैठकव्यवस्था, नाश्ता सगळं अंगावर घेतलं. तेव्हापासून नियम लिहूनच ठेवला: ज्याचा विद्यार्थी, भाऊ-बहीण किंवा रूममेट बसणार आहे, त्याने प्रश्न बघायचेसुद्धा नाहीत. शेवटी प्रश्न काढले दोघांनी, दोघंही पुण्यात नोकरीला. तपासणारे तिघं: एक बंगळूरला, दोन मुंबईत. त्यांतला एकही कोल्हापुरात शिकवत नाही.

प्रश्न पॉलिगॉनवर तयार केले. मिर्झायानोव यांचीच ही व्यवस्था, फुकट आहे. प्रश्नाचा मजकूर, टेस्ट, आदर्श उत्तर, मुद्दाम लिहिलेली चुकीची उत्तरं, सगळं एका जागी राहतं आणि कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

दिवाळीत मंडळी गावी आली तेव्हा सगळे समोरासमोर बसलो, आणि स्पर्धेचा खरा पाया तिथेच पडला असं मला वाटतं. एक प्रश्न असा होता. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या आहेत. प्रत्येक ट्रॉलीसाठी सांगायचं की तिच्या मागे उभ्या असलेल्यांत तिच्यापेक्षा जड अशी पहिली ट्रॉली कोणती. ट्रॉल्या दोन लाखांपर्यंत. अपेक्षित उत्तर स्टॅक वापरून, म्हणजे प्रत्येक ट्रॉली एकदा आत जाते आणि फार तर एकदा बाहेर येते. (होय, पुन्हा स्टॅकच. सरांचा प्रश्न गेला, विषय काही गेला नाही. पण आता तो कुणाच्या वर्गातून आलेला नव्हता.)

बंगळूरच्या मित्राने मुद्दाम बाळबोध प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक ट्रॉलीपासून मागे चालत जायचं, जड भेटली की थांबायचं. आमच्या सगळ्या टेस्टमधून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पार. कारण टेस्ट रँडम होत्या, आणि रँडम वजनांत जड ट्रॉली बहुतेकदा दोन-चार पावलांवरच सापडते. मग त्याने एकच टेस्ट घातली: वजनं उतरत्या क्रमाने. आता कुणाच्याही मागे जड ट्रॉली नाही, प्रत्येकाला रांगेच्या टोकापर्यंत जावं लागतं. दोन लाख ट्रॉल्यांसाठी जवळपास दोन हजार कोटी तुलना. प्रोग्रॅम आडवा.

ही टेस्ट नसती तर काय झालं असतं? अर्धा तास विचार करून स्टॅक लिहिणारी मुलगी आणि पाच मिनिटांत बाळबोध उत्तर टाकणारा मुलगा, दोघांनाही "बरोबर" मिळालं असतं, आणि वेळेच्या हिशेबाने तो तिच्या वर गेला असता. कुठल्याही नक्कल शोधणाऱ्या साधनाला हा अन्याय दिसला नसता. त्या दिवसापासून प्रत्येक प्रश्नाला किमान तीन "चुकीची पण हुशार" उत्तरं लिहायची आणि ती पडतात का ते बघायचं असं ठरलं. टेस्टलिब ही तयार लायब्ररी वापरून प्रत्येक प्रश्नाचा व्हॅलिडेटरही (टेस्ट तपासणारा प्रोग्रॅम) लिहिला. टेस्टमधला आकडा मर्यादेबाहेर असेल किंवा ओळीच्या शेवटी जास्तीची रिकामी जागा असेल तर तो लगेच अडवतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

दुसरा घोळ याहून बारीक होता. एका प्रश्नात गावांची नावं पूर्ण ओळ म्हणून वाचायची होती. मुंबईच्या मैत्रिणीचा सी++ प्रोग्रॅम चुकत होता आणि तोच तर्क पायथनमध्ये बरोबर येत होता. तिने फाइल हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा आकडा दिसेल अशी, उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जास्तीचं चिन्ह, विंडोजवर ओळ संपताना येणारा कॅरेज रिटर्न. पायथन तो गुपचूप गिळतो; लिनक्सवर सी++ची ओळ वाचणारी गेटलाइन तो नावाला चिकटवूनच देते. म्हणजे "कागल" हे नाव एका अक्षराने लांब. पॉलिगॉनवरून पूर्ण पॅकेज उतरवताना विंडोज आणि लिनक्स असे दोन पर्याय येतात. आमचं जज-मशीन (मुलांचे प्रोग्रॅम चालवून तपासणारं) लिनक्सचं, पॅकेज उतरवलेलं विंडोजचं. पर्याय बदलला, प्रश्न मिटला. हे स्पर्धेच्या दिवशी झालं असतं तर सी++ वाली निम्मी खोली स्वतःच्या बरोबर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली असती.

भाषांचा विषय निघालाच आहे तर वेळेच्या मर्यादेबद्दल. आम्ही सी++, जावा आणि पायथन तिन्ही ठेवल्या. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर तिन्ही भाषांत लिहिलं, त्यातलं सगळ्यात संथ घेतलं आणि त्याच्या दुप्पट मर्यादा दिली. त्यातही सी++ मधलं बाळबोध उत्तर पडतंय ना, हे पाहायचं. एका प्रश्नात दोन्ही गोष्टी साधेनात, म्हणून तो प्रश्नच काढून टाकला. पूर्ण समानता येत नाही. पायथन संथ, पण बेरीज कितीही मोठी झाली तरी त्यात मावते. सी++चा साधा इंट (पूर्णांकाचा प्रकार) २१४ कोटींच्या थोडं वर गेला की उलटतो. पायथनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा मुळात १,००० असते, हे आम्ही सूचनापत्रकातच छापलं, सोबत मोठा इनपुट पटकन कसा वाचायचा तेही. ज्यांना असल्या गोष्टी सांगणारं कुणी भेटलेलं नाही त्यांना त्याचा दंड बसू नये, एवढाच हेतू.

जज म्हणून, म्हणजे उत्तरं घेऊन आपोआप तपासायला, डॉमजज घेतला. उट्रेख्तच्या विद्यार्थी संघटनेत जन्मलेली ही मुक्त प्रणाली आयसीपीसीच्या जागतिक अंतिम फेरीतही वापरतात. एक मशीन सर्व्हर, दोन मशीन फक्त प्रोग्रॅम चालवायला. उभारणीत आमच्या दोन संध्याकाळ गेल्या, त्यातली बरीचशी सीग्रुप (प्रोग्रॅमच्या मेमरी-प्रोसेसर वापरावर मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) नीट बसवण्यात; कर्नलला सुरू होताना द्यायचे पॅरामीटर कागदपत्रांत दिलेत, ते न वाचता पुढे जाऊ नका. आणि जज-मशीन एकाच मॉडेलची हवीत. आधी आम्ही एक लॅपटॉप जोडून पाहिला होता. तापला की त्याचा वेग घटायचा, आणि तोच प्रोग्रॅम एकदा वेळेत बसायचा, एकदा नाही. स्पर्धकाचं नशीब पंख्यावर ठेवायचं नसतं. लॅबमधलीच दोन सारखी मशीन मागून घेतली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लॅब ताब्यात मिळाली. लॅबच्या मामांनी आमच्या कुठल्याही यादीत नसलेली गोष्ट काढली. "अकरा नंबरचं सेमीकोलन दाबून बसतंय बघा. आणि एकोणीसचा शिफ्ट मेलाय." प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत सेमीकोलन न उमटणारा कीबोर्ड! मामांनी स्टोअरमधून कीबोर्ड काढून दिले आणि मग आम्ही प्रत्येक मशीनवर सगळे कंस, शिफ्ट आणि सेमीकोलन दाबून पाहिले.

डी ड्राइव्ह उघडली तर आत वर्षभराची प्रात्यक्षिकं. लिंक्ड लिस्ट, ग्राफ, सॉर्टिंग, सगळं तयार. यजमान कॉलेजच्या मुलांना ते कुठे आहे हे ठाऊक, बाहेरच्यांना नाही. प्रत्येक मशीनवर नवं यूजर खातं केलं, जुन्या ड्राइव्हचा प्रवेश बंद केला, पेन ड्राइव्ह बंद केले. सी++ आणि पायथनची संदर्भपानं सर्व्हरवर टाकली म्हणजे ती सगळ्यांना सारखी मिळतील. जागा चिठ्ठ्या टाकून. एका कॉलेजची दोन मुलं शेजारी येणार नाहीत एवढं पाहिलं. शेवटी नेटवर्क स्विचची बाहेर जाणारी वायर उपसली आणि ती मामांच्या कपाटात गेली.

१४ डिसेंबरला ५८ जण आले. साडेनऊला अर्धा तास सराव फेरी, एका सोप्या प्रश्नासह. ही फेरी वगळू नका. उत्तर कसं पाठवायचं, "रनटाइम एरर" कसा दिसतो, जावाच्या क्लासचं नाव काय द्यायचं, असली गडबड तिथेच मिटते. मोबाइल लिफाफ्यात, लिफाफ्यावर टोकन. साडेदहाला स्पर्धा सुरू.

शंका फक्त डॉमजजमधूनच विचारायच्या आणि उत्तर सगळ्यांना दिसेल असंच द्यायचं, हा नियम पाळायला भारी कठीण. पोरगं हात वर करतं, चेहरा रडवेला, आणि तुम्हाला उत्तर माहीत असतं. म्हणून खोलीत फिरणारे स्वयंसेवक असे ठेवले होते ज्यांनी प्रश्न पाहिलेलेच नव्हते. त्यांना काही सांगताच येत नव्हतं. प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी दोन्हींत छापली होती आणि कुठे तफावत वाटली तर इंग्रजी प्रमाण, हेही लिहिलं होतं.

सव्वाबाराच्या सुमारास वीज गेली. सर्व्हर, स्विच आणि जज-मशीन यूपीएसवर होती, पण लॅबची अर्धी मशीन बंद पडली. जनरेटर सुरू होऊन सगळे पुन्हा लॉगिन होईपर्यंत ११ मिनिटं. ज्यांची मशीन चालू राहिली त्यांनाही त्या वेळात टाइप करू दिलं नाही. सगळ्यांना उभं केलं. डॉमजजमध्ये स्पर्धेतला ठरावीक काळ वगळायची सोय आहे, त्याने स्पर्धा संपायची वेळ पुढे सरकली आणि दंडाच्या मिनिटांतूनही तो काळ गेला. काय करायचं ते आधीच छापील नियमांत होतं, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटचा पाऊण तास गुणफलक गोठवला, म्हणजे त्यावरचे क्रम बदलताना दिसत नव्हते.

आता नक्कल. स्पर्धा संपल्यावर सगळे प्रोग्रॅम जेप्लॅग या साम्य शोधणाऱ्या साधनातून काढले. स्टॅनफर्डच्या ॲलेक्स एकन यांचा मॉस जास्त प्रसिद्ध आहे, पण त्यात फाइली त्यांच्या सर्व्हरवर पाठवाव्या लागतात. जेप्लॅग आपल्याच मशीनवर चालतो. पहिल्या प्रश्नाचा निकाल बघायचाच नाही असं ठरलं होतं. दहा ओळींचा प्रोग्रॅम, सगळ्यांचा सारखाच येणार. तिसऱ्या प्रश्नात पाच-सहा जणांची साम्यं वर आली, ती एकाच क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या इनपुट वाचायच्या साच्यामुळे. साचा वगळून पुन्हा चालवलं, सगळे मोकळे.

एक जोडी मात्र उरली. चलांची नावं वेगळी, पण एक निरर्थक अट दोघांच्याही प्रोग्रॅममध्ये त्याच जागी. आमच्याकडे नावांऐवजी फक्त क्रमांक होते, दोघांनी स्वतंत्रपणे पाहून "साम्य आहे" म्हटल्यावरच नावं उघडली. मुलं पाठमोऱ्या ओळींत, एकमेकांच्या तिरप्या कोनात बसलेली. दोघांना वेगवेगळं बोलावून एवढंच विचारलं, "ही अट कशासाठी?" एकाने कागदावर लिहून दाखवलं, आधी काय प्रयत्न केला होता, त्यातली ही अट कशी राहून गेली. दुसरा गप्प राहिला, मग म्हणाला, "स्क्रीन दिसत होती." त्याचा तेवढा प्रश्न रद्द केला, नाव जाहीर केलं नाही. पहिल्याचे गुण तसेच ठेवले. दोघांनाही शिक्षा असा नियम काही ठिकाणी असतो. स्वतःची स्क्रीन झाकायचं काम स्पर्धकाचं असं मी मानत नाही. लॅबची मांडणी आमची होती.

संध्याकाळी फक्त तात्पुरता निकाल लावला. सगळे प्रश्न, टेस्ट आणि आदर्श उत्तरं खुली केली आणि हरकतींना ४८ तास दिले. तीन हरकती आल्या. दोन समजुतीच्या होत्या. तिसऱ्या मुलीचं म्हणणं, दशांश उत्तरात तिचा आठवा अंक वेगळा येतो म्हणून चूक धरलं. तिचं बरोबर होतं. प्रश्नात ०.०००००१ पर्यंतचा फरक चालेल असं छापलं होतं, आणि चेकर (उत्तर पडताळणारा प्रोग्रॅम) त्याहून काटेकोर लागला होता. चेकर बदलून त्या प्रश्नाची सगळी उत्तरं पुन्हा तपासली. ती नवव्यावरून सहाव्यावर आली. पहिले तीन क्रमांक तेच राहिले, पण नसते राहिले तरी बदलले असते, म्हणून बक्षिसं त्या दिवशी वाटलीच नव्हती.

पैशांचं सांगतो. बक्षिसं १०,०००, पोहे-चहा ३,०००, प्रमाणपत्रं १,३००, लॅबच्या दोघांचं मानधन १,२००, जनरेटरचं डिझेल ९००, झेरॉक्स ७००, स्टॅम्पपेपर ५००, फुगे (प्रश्न सुटला की द्यायचे) २५०. एकूण १७,८५०. प्रवेश फी १०० रुपये ठेवली होती, त्याचे ५,८०० आले, बाकीची गटाने वर्गणी काढली. एक प्रायोजक सगळा खर्च उचलायला तयार होता, पण त्याला मुलांचे मोबाइल नंबर हवे होते. नाही म्हटलं. प्रमाणपत्रावरची नावं मुलांकडूनच देवनागरीत लिहून घ्या. इंग्रजीवरून केली की "शिर्के"चं काय होतं ते छपाईनंतर कळतं.

अनामत परत मिळायला जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. त्यासाठी लॅब-प्रभारींचा "संगणक सुस्थितीत मिळाले" असा शेरा, मूळ पावती आणि पुन्हा एक अर्ज लागतो. शेरा स्पर्धेच्याच दिवशी, कुलूप लागायच्या आधी घेऊन ठेवा. सुट्टीनंतर प्रभारी बदललेले असू शकतात, आमचे बदललेच होते.